बुडायचा मान

मित्रांनो, दरवर्षी सरोवरात बुडायचे आणि वर टाळ्याही घ्यायच्या, असे नशीब कुणाला लाभते? मला लाभले आहे. मी ओक लाकडाची, लोखंडी पायाची एक जुनी खुर्ची, मूळची न्हाव्याच्या दुकानातली. माझे गाव मिनेसोटातले कोल्ड स्पून, म्हणजे 'गार चमचा'. पहिले लाकूडतोडे इथे आले तेव्हा सूप पिताना चमचे ओठांना चिकटत म्हणे. थंडी अजून तेवढीच आहे, लोक फक्त सूप आता घरात बसून पितात.

एमिल लिंडक्विस्ट नावाच्या न्हाव्याने मला आगगाडीने मागवले. तेव्हा गावात लाकूड कापायची गिरणी जोरात होती. शनिवारी कामगारांची रांग लागे. त्यांच्या दाढीतला भुसा माझ्या अंगावर पडे आणि एमिल माझे रोज तेलपाणी करी. त्याची मुलगी व्हर्ना पहिल्यांदा माझ्यावर बसली, तेव्हा कात्री बघून तिने असा टाहो फोडला की रस्त्यावरची गाढ झोपलेली कुत्री उठून बसली!

पुढे जंगल विरळ झाले, गिरणी बंद पडली, माणसे पांगली. एमिल म्हातारा होऊन गेला. मी पडवीत पडले आणि कोंबड्या माझ्यावर अंडी घालू लागल्या. त्यांची सोय झाली, पण मला फार वाईट वाटे.

तिथून मला व्हर्नानेच बाहेर काढले. ती आता दुकानात 'पाय' विकते, म्हणजे इकडची फळांचे सारण भरलेली भाजलेली पोळी. तिच्याच डोक्यातून निघालेली ही गंमत. एक मार्चला गाव मला गोठलेल्या सरोवरावर नेऊन ठेवते. माझ्या पायाला दोर, दोराचे दुसरे टोक काठावरच्या कुलूपबंद पेटीतल्या घड्याळाच्या वायरला. एप्रिलात बर्फ फुटले की मी धपकन आत जाते, वायर निघते, घड्याळ थांबते. मी कधी बुडणार, याचा दिवस आणि मिनिट सगळ्यांनी आधीच लिहून दिलेले असते. ज्याचा अंदाज सर्वांत जवळचा, त्याचा वर्षभर माझ्यावर हक्क; हवा तो रंग द्यावा, हवे ते करावे. मी गुलाबी झाले आहे, ठिपक्यांची झाले आहे. उन्हाळ्यात गावाच्या वेशीवरच्या सिमेंटच्या मोठ्या माशाशेजारी बसते, आणि मासे धरायला आलेले पाहुणे माशाला सोडून माझ्याबरोबर फोटो काढतात. खोटे नाही सांगत!

यंदा मात्र माझ्या जिवावर बेतले होते. गावचा महापौर ऑर्व्हिल हॉगेन, ज्याच्याकडे पेटीची किल्ली असते, त्याने व्हर्नाच्या दुकानात जाहीर केले, "या वर्षी मी जिंकलो ना, की ही खुर्ची शेकोटीत. बर्फावर हिच्या जागी पिवळं प्लास्टिकचं पिंप आणतोय. गंजायला नको, कुजायला नको."

"पिंपावर कोण बसणार रे? तू?" व्हर्ना म्हणाली.

"तू आधी एकदा जिंकून तर दाखव. एकतीस वर्षं झाली, बये!"

ते खरे होते. व्हर्ना एकदाही जिंकली नव्हती. मी बर्फावर बसून नुसती धास्तावले होते.

सोळा एप्रिलच्या दुपारी ऊन चढले, वारा सुटला, खाली कडकड झाली आणि मी गेले! ऑर्व्हिलने मनगटावर पाहिले. तीन वाजून दहा मिनिटे. त्याने लिहिले होते हाच दिवस, तीन नऊ. गडी काठावर नाचूच लागला. व्हर्नाने दिवस हाच, पण वेळ लिहिली होती दोन अकरा.

"तासाभरानं हुकलीस गं!" तो ओरडला आणि ऐटीत पेटी उघडली.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटे झाली होती.

"ऑर्व्हिल," व्हर्ना अगदी गोड आवाजात म्हणाली, "उन्हाळा येतो म्हणून मार्चमधल्या एका रविवारी सगळा देश घड्याळं तासभर पुढे करतो. या पेटीतलं केलंस का?"

"त्या रविवारी मी... म्हणजे, जरा बाहेरगावी होतो."

"कशाला गेला होतास?"

"पिंप आणायला."

लोक पोट धरून हसले. "पण खरी वेळ तीन दहाच!" तो तणतणला. व्हर्नाने पेटीच्या झाकणावर बोट ठेवले. तिथे त्याच्याच अक्षरात लिहिले होते: वाद नको, पेटीतले घड्याळ म्हणेल तेच खरे. एकदा तो जिंकला तेव्हा भांडण झाले म्हणून त्यानेच लिहिलेला नियम!

ट्रॅक्टरने मला चिखलातून ओढून काढले. व्हर्नाने पदराने पुसावे तसे आपल्या कोटानेच मला पुसले.

"बोल, कुठला रंग?" ऑर्व्हिल तोंड पाडून म्हणाला.

"तू ठरव. घासायचं तू, कुजलेली फळी बदलायची तू, रंगही तूच द्यायचा. मग पुन्हा मला सांग, जाळायची का ते."

महिनाभर तो मला घासत होता. आधी शिव्या देत, मग शीळ घालत. माझा तपकिरी ओक उघडा पडला तेव्हा त्याने रंगही नेमका तोच निवडला.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकावीशी वाटली, तर आधी एकदा ती स्वतःच्या हाताने दुरुस्त करून पाहा. एवढेच मागणे. परवा एका पाहुण्याने माझ्यावर हात टेकला, तर ऑर्व्हिल लांबूनच ओरडला, "ओ भाऊ, जपून! रंग ओला आहे!"

रंग वाळून तीन दिवस झाले होते.