प्रयागबाईच्या तोंडचं पाणी

आणीबाणी उठल्याच्या पुढच्या सालची गोष्ट. नागपुरात ऊन असं पडलं होतं, की इतवारीतले कावळे पायात चप्पल घालून फिरायचे. त्या मे महिन्यात जिजाबाईच्या माडीवर सात बाया तिच्या पोरीच्या, शामलाच्या, लग्नाचे पापड लाटत होत्या, आणि त्यातच शामलाची नथ हरवली. सासरकडून साखरपुड्यात आलेली, टपोऱ्या मोत्यांची.

जिजाबाईनं दोन दिवस कपाटं उलथली, गाद्या झाडल्या, आणि शेवटी गल्लीतल्या भैय्याजींना बोलावलं. चोर धरायचा जुना उपाय त्यांच्याकडे होता. प्रत्येकीनं चिमूटभर कोरडे तांदूळ चावायचे आणि पळसाच्या पानावर थुंकायचे. जिच्या मनात पाप, तिचं तोंड भीतीनं सुकतं आणि तांदूळ कोरडेच बाहेर पडतात.

प्रयागबाईनं आपली पाण्याची बाटली जवळ ओढली. त्या बायांची ती मुकादम. वर्षापूर्वी तिच्या घशात गाठ निघाली, मोठ्या दवाखान्यात कोबाल्टच्या किरणांचे तीस शेक घेतले. गाठ गेली. पण जबड्याखालच्या लाळेच्या ग्रंथीही त्या शेकात होरपळल्या. तेव्हापासून तोंड म्हणजे चुलीतली राख. भाकरीच्या घासागणिक पाण्याचा घोट. पापडाच्या पिठातलं मीठसुद्धा ती इथं शामलाला चाखायला लावायची. डॉक्टर म्हणाले होते, "थोडी लाळ परत येईल बाई, पण वर्ष-दोन वर्षं लागतील. किती येईल ते सांगता येत नाही."

"माह्यं तोंड तं असंही कोरडंच हाय," ती म्हणाली. "शेकानं सारी थुंकी जळली."

"थुंकी कुठं जळते का वं?" भैय्याजी हसले. "सत्तर वर्षांत आयकलं नाही मी."

"मंग पाणी पिऊन चावते."

"वा! तसा चोर सापडन कसा?"

नाही म्हणावं तर चोर, चावावं तर चोर. आणि एकदा का चोर ठरली, की इतवारीत पापड लाटायला तिला कोण उंबऱ्याच्या आत घेणार होतं? तिनं तांदूळ तोंडात टाकले.

सहा जणींचे ओलसर निघाले. प्रयागबाईचे जणू आत्ताच पोत्यातून ओतलेले. शेजारच्या बाईनं आपला पोळपाट हळूच पलीकडे सरकवला.

"पायलं?" जिजाबाई कडाडली. "माह्याच घरचं मीठ खाऊन!"

"मीठ कुठं खाल्लं वं जिजाबाई? मले चवच नाही!" प्रयागबाई म्हणाली. "बरं, एक सांगा. कपाटाची किल्ली कोनाच्या कमरेले असते? तुमीबी चावा."

"चाव ना आई," शामला म्हणाली. "भेतं काहून?"

जिजाबाईनं तोऱ्यात तांदूळ चावले आणि थुंकले. एक दाणा पानावरून टणकन फरशीवर उडाला. कोरडा ठणठणीत.

भैय्याजींनी पानाकडे पाहिलं, जिजाबाईकडे पाहिलं, आणि ते चष्मा पुसायला लागले.

जिजाबाई मटकन खाली बसली. "दोन दिवस झाले, घास उतरून नाही राहिला. परवा पाहुणे येतीन, विहीणबाई नथ विचारतीन. काय सांगू मी त्यायले?"

प्रयागबाईच्या जिभेवर दहा टोमणे तयार होते. पण घास न उतरणं काय असतं ते तिच्याइतकं माडीवर कोणाला ठाऊक होतं? ती सरकत सरकत जिजाबाईजवळ गेली.

"आमच्या कुहीकडच्या गावात एक चिंच होती," ती म्हणाली. "एवढी आंबट, का कावळा बसला तं आठ दिवस चोच उघडे नाही. पाटलाचा बैल नुसता खालून गेला तं त्याचे दात आंबले. कडबा सोडून पेज मांगे!"

शामला फिसकन हसली.

"तिची एक चिंच विहिरीत पडली, तं गावानं वर्षभर वरनात आंबट टाकलं नाही. तशी हिरवीगार चिंच घ्यायची वं जिजाबाई. नखानं सोलायची. वर जाडं मीठ, लाल तिखट, उलीसा गूळ. दगडावर ठेचायची, आन् बोटानं चाटायची... टॉक!"

साऱ्या जणींनी एकदम आवंढा गिळला. भैय्याजींनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. जिजाबाई तर पोट धरून हसायला लागली, आणि हसता हसताच थांबली.

"अवो माय, शालू!"

नथ विसरायला नको म्हणून तिनंच ती शालूच्या आतल्या घडीला टाचून ठेवली होती. घाबरून सारं घर झाडलं, पण कोऱ्या शालूची घडी मोडायचा जीव झाला नव्हता. शामला पळाली. खालून तिचा आवाज आला, "सापडली!"

जिजाबाईनं प्रयागबाईचा हात धरला. "चुकली मी, प्रयागबाई. माह्या पोरीचा रुखवत तुमच्याच हातचा. अन् काय झालं ते साऱ्या इतवारीले मीच सांगन."

प्रयागबाईच्या डाव्या कानाखाली, तोंडाला पाणी सुटताना टोचतं तसं, बारीक टोचलं होतं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. तिनं सवयीनं पाण्याच्या बाटलीकडे हात नेला, आणि मागे घेतला. चिमूटभर तांदूळ उचलले, डाव्या गालात सरकवले, डोळे मिटून चावले आणि पानावर थुंकले.

कोरडेच. पण मधले तीन दाणे एकमेकांना चिकटून बसले होते. ओले.

तिनं ते पान थेट भैय्याजींच्या नाकापाशी नेलं.

"नीट पाहा भैय्याजी. तीन दाण्यांपुरती तरी मी साव झाली का नाही?"