शून्य नंबरचा माणूस

"नाव नसतं घ्यायचं गं, आयुष्य घटतं त्यांचं."

शेंगा फोडता फोडता दगडाबाई आत्या म्हणाली होती. सायलीनं तिला नवऱ्याचं नाव विचारलं होतं, तेव्हा. सायली दुसरीत होती. आज विद्यापीठातल्या हॉलच्या दाराशी तिला तोच आवाज आठवला.

दोन वर्षं ती करमाडच्या आणि वेरूळच्या बायकांना एकच विचारत फिरली होती. अडचण आली की आधी कोणाला सांगता? माणूस म्हणजे ठिपका, सांगणं म्हणजे रेघ. कोणाच्या रेघा कुठं जातात ते पाहून संगणक प्रत्येक ठिपक्यासाठी आकड्यांची एक ओळ शिकला. मग दोन्ही गावांच्या ओळी शेजारी ठेवल्या, गावं किती सारखी ते पाहायला. शंभरात शहाण्णव. तिचे मार्गदर्शक मुकुंद सर हरखले. तिची पीएचडी त्यावरच उभी होती, आणि आज ते बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना हेच दाखवणार होते.

सकाळी तिनं सहज पाहिलं, सगळ्यात जास्त रेघा कोणाकडं जातात. दोन्ही गावांत एकच नंबर होता, शून्य. पदर सावरत नुसतं 'ह्यांना सांगते' म्हणणाऱ्या प्रत्येकीपुढं तिनंच शून्य लिहिलं होतं. संगणकानं ती सगळी शून्यं म्हणजे एकच माणूस धरला, म्हणून गावं सारखी दिसली.

"म्हणजे करमाडात चौऱ्याऐंशी बायकांचा एकच नवरा?" सोबत काम करणारा हिमांशू हसला. मग हसू ओसरलं. "शून्य काढून पाहिलंस?"

"शहाण्णवचे एकतीस होतात."

"सरांना बोललीस?"

"नाय."

"मग आज गप बस यार. नंतर बघू."

आत सर सांगत होते, "ही आमची सायली. हिच्यापाशी बायका मोकळं बोलतात." पडद्यावर दोन गावांची दोन जाळी उमटली, दोन्हींच्या मधोमध एकेक टपोरा ठिपका.

पुढच्या रांगेतल्या तज्ज्ञ बाई, रत्नमाला मॅडम, चष्मा पुसत म्हणाल्या, "हा मधला कोण? सरपंच का?"

"सायली, सांग बेटा," सर कौतुकानं म्हणाले.

ती उठली. हिमांशूनं मान खाली घातली.

"कोणी नाही, मॅडम. बायकांनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही, तिथं मी शून्य लिहिलं. ही गावं सारखी नाहीत, सर. मला सकाळीच कळलं होतं."