पलंगावरची पाटी

पटाशी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. बापामागे सुतारकामाचा कारखाना ती चालवायची आणि समोरच्याचा ताठा जिभेने सफाईदार तासायची, म्हणून गिऱ्हाइकांनीच ते नाव ठेवलं. तिलाही ते आवडलं. हत्यारांत सगळ्यात कामाचं हत्यार तेच, असं तिचं म्हणणं.

तर या पटाशीला लग्नाच्या तिसाव्या वाढदिवशी कुठेही जायचं नव्हतं. कारखान्यात दोन दरवाजे आणि एक कपाट अर्धवट पडलं होतं. पण भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या तिच्या नवऱ्याने तीस वर्षांत पहिल्यांदाच हट्ट धरला होता. त्या गरीब माणसाला घरीदारी सगळे मास्तरच म्हणत, पटाशीसुद्धा. मास्तरांनी एका दूरच्या गावाबाहेरच्या जुन्या सराईत खोली ठरवली होती. नऊ खोल्या, दगडी जिना, मागे फळबाग आणि सकाळी लांबलचक टेबलावर सगळ्या पाहुण्यांनी एकत्र बसून नाश्ता. खोलीही साधीसुधी नव्हती, राजाच्या पलंगाची होती.

"आबांच्या गोष्टीतला पलंग समज," मास्तर हसून म्हणाले. पटाशी हसली नाही.

आबा म्हणजे तिचे वडील. पटाशी बारा वर्षांची असताना ते सात महिने कुठेतरी कामाला गेले होते. कुठे, कुणाकडे, हे त्यांनी घरातही सांगितलं नाही. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "मी राजाचा पलंग केला." राजे तर केव्हाच संपले होते! सगळी गल्ली पोट धरून हसली. त्या दिवसापासून आबांचं नाव पडलं 'राजे'. चहाच्या दुकानात लोक त्यांना वाकून सलाम करत आणि पुढ्यात रिकामा कप सरकवत. पटाशीच्या थोरल्या भावाला शाळेत पोरं चिडवायची, तर त्याने बापाशी बोलणंच टाकलं. आबा गेले त्या दिवशीही तो म्हणाला, "थाप मात्र शेवटपर्यंत सोडली नाही म्हाताऱ्याने."

पटाशीने त्याला तेव्हा चांगलं झापलं होतं. पण आपणही त्या पहिल्या दिवशी हसलो होतो, हे तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. सगळे हसले म्हणून ती हसली. आबांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि हातपाय धुवायला निघून गेले.

सराईची मालकीणबाई साठीच्या पुढची होती. कडक इस्त्रीची साडी, कमरेला किल्ल्या आणि सगळं बोलणं पाठ केलेलं. तिने खोलीचं दार उघडलं आणि एका दमात सुरू केलं, "हा तो पलंग. तीनशे वर्षं झाली. राजेसाहेब स्वारीवर जाताना एक रात्र इथे झोपले. चार तज्ज्ञ येऊन गेले, पण एक खिळा सापडला नाही, एक सांधा उकलला नाही. पलंग याच खोलीत घडवला आणि याच खोलीत राहणार."

उशाच्या फळीवर पितळी पाटी होती. तिच्यावर राजाचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कारागीर अज्ञात'.

"राजा एक रात्र झोपला, त्याचं नाव एवढं मोठं," पटाशी म्हणाली. "ज्याने वर्षभर घाम गाळला असेल, तो अज्ञात होय?"

"इतकी जुनी नावं कुठून मिळणार, ताई? बरं, नाश्ता साडेआठला." मालकीणबाई किल्ल्या वाजवत निघून गेली.

पटाशीने खांबावरून हात फिरवला. मग नख लावलं. मग वास घेतला. मास्तर खिडकीतून फळबाग बघत होते. त्यांनी वळून पाहिलं तर बायको चष्मा पुसत होती, आणि पटाशीने चष्मा पुसायला घेतला की कुणाचं तरी काही खरं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"मास्तर, हे लाकूड पन्नास वर्षांचंसुद्धा नाही. चहाच्या पाण्याने आणि काजळीने म्हातारं केलंय. कडा वाळूने झिजवल्यात."

"तुला कसं कळलं?"

"मीच चार कपाटं अशी म्हातारी करून विकलीत. ते राहू द्या, मोबाइलचा दिवा धरा."

साडी खोचून ती पाठीवर झोपली आणि सरपटत पलंगाखाली शिरली. मास्तरांनी वाकून उजेड धरला.

इथे आबांची एक खोड सांगायला हवी. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कोणता तुकडा कुठे बसतो हे लक्षात ठेवायला दुसरे सुतार आकडे घालतात. आबा घरातली माणसं घालायचे. आईची खूण फणी, थोरल्याची भोवरा, पटाशीची चिमणी, आणि स्वतःची वाकडा खिळा. ही शेवटची पदवी आईने भांडणात दिलेली होती आणि आबांनी ती आनंदाने घेतली होती. चार कोपऱ्यांना चार माणसं. जिथे चिमणीला चिमणी भेटेल तिथे सांधा बसवायचा.

उजेड पहिल्या कोपऱ्यावर पडला. तिथे फणी होती. दुसऱ्यावर भोवरा, तिसऱ्यावर वाकडा खिळा. चौथ्या कोपऱ्यात, जिथे झाडूही पोचत नाही अशा जागी, बोटाच्या पेराएवढी चिमणी होती. तिची चोच जरा जास्तच लांब होती. आबांना चोच कधीच नीट जमली नाही.

पटाशीचे पाय पलंगाबाहेर तसेच पडून राहिले.

"अगं, अडकलीस का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही." मग थोड्या वेळाने, "मास्तर, मी हसले होते हो."

मास्तरांना काही कळलं नाही. पण ते गुडघे दुखत असतानाही खाली बसले आणि पलंगाखालून बाहेर आलेला बायकोचा हात त्यांनी धरून ठेवला.

तासाभराने पटाशी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मालकीणबाई जॅमच्या बरण्या पुसत होती. पटाशीने फणी, भोवरा, खिळा, चिमणी असं सगळं सांगितलं आणि विचारलं, "डावखुरा होता. बुटका. काम करताना शीळ घालायचा. आठवतंय?"

मालकीणबाईच्या हातातली बरणी टेबलावर जरा जोरातच बसली. तिने आधी दार लोटून घेतलं. "मी नवी सून होते," ती हळू आवाजात म्हणाली. "मूळ पलंग वाळवीने खाल्ला होता. सासऱ्यांनी त्यांना मागच्या कोठारात ठेवलं. दुपारचा चहा मीच नेऊन द्यायची. सराईचं नाव कुणाला सांगायचं नाही, असा सासऱ्यांनी त्यांच्याकडून शब्द घेतला होता."

"त्यांनी तो पाळला. आयुष्यभर लोकांचं हसू झेललं, पण पाळला."

"मोठा माणूस होता हो. मग तुम्हीही पाळा की."

"शब्द त्यांनी दिला होता. मी नाही दिला."

मालकीणबाईने बरीच समजूत काढली. हवं तर आणखी दोन दिवस राहा, आमच्याकडून. पण पाटी निघाली तर सराई बसली. लोक फळबागेसाठी येत नाहीत, राजासाठी येतात. पटाशी म्हणाली, "नाकाने कांदे सोलायला मी आलेले नाही. तुमचा राजा खरा की खोटा, तुमचं तुम्ही बघा. 'अज्ञात' तेवढं खोडा आणि तिथे माझ्या बापाचं नाव घाला."

मग मात्र मालकीणबाईचा आवाज बदलला. "आणि नाही घातलं तर? चिमण्या काय, कुणीही कोरेल. माझ्याकडे तज्ज्ञांचे कागद आहेत. तुमच्याकडे काय आहे?"

पटाशी दारापर्यंत गेली आणि वळली. "नाश्ता साडेआठला ना?"

त्या रात्री ती बापाच्या पलंगावर मेल्यासारखी गाढ झोपली. मास्तरांना मात्र झोप लागली नाही. बायको झोपण्याआधी त्यांच्या बुटाची टाच ठोकून बघत होती आणि का ते सांगत नव्हती.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. उजाडताच पटाशीने गादी भिंतीला लावली. चार तज्ज्ञांना सांधा सापडला नाही, कारण ते चौघेही उजव्या हाताचे होते. सगळे सुतार पाचर वरून मारतात. डावखुरे आबा ती खालून, आतल्या बाजूने मारायचे आणि वर लाकडाचीच पातळ कपची बसवून तोंड बुजवायचे. पटाशीने कपच्या नखाने उचलल्या आणि मास्तरांच्या बुटाने एकेका पाचरीला खालून दोन-दोन ठोके घातले. तीनशे वर्षं न हललेला पलंग पंचवीस मिनिटांत मोकळा झाला.

टेबलाभोवती सात-आठ पाहुणे होते. अंडी आली होती, टोस्ट आले होते, चहा ओतला जात होता. तेवढ्यात खांद्यावर खांब घेऊन पटाशी आत आली. मागून मास्तर, पायांत मोजे, हातात आडवा दांडा आणि चेहऱ्यावर वर्गात साप निघाल्यासारखा भाव. एकेक करून त्यांनी सगळा पलंग नाश्त्याच्या खोलीत भिंतीला टेकवला. मालकीणबाईच्या हातातली किटली कपाच्या वरच थांबली.

"तुम्ही खा, खाता खाता ऐका," पटाशी पाहुण्यांना म्हणाली. "हा पलंग माझ्या बापाने केला. इथे मागच्या कोठारात, सात महिने खपून. ही फणी म्हणजे माझी आई. हा भोवरा माझा भाऊ. हा खिळा ते स्वतः. आणि ही लांब चोचीची बया म्हणजे मी."

"या बाईचं डोकं फिरलंय!" मालकीणबाई ओरडली. "ऐतिहासिक वस्तू मोडली हिने!"

"मोडली नाही, उघडली. मोडलेलं कुणालाही जोडता येत नाही. हे मला जोडता येतं."

गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक म्हातारी पाहुणी टोस्ट खाली ठेवून उठली आणि चिमणीवर बोट ठेवून बघू लागली. मग तिचा नवरा उठला. मग सगळेच उठले. अंडी गार झाली, आणि त्या घराच्या नाश्त्याचं असं कधी झालं नव्हतं.

मालकीणबाई मात्र हार मानणारी नव्हती. दुपारी दोनला नवं लग्न झालेलं जोडपं राजाच्या पलंगाच्या खोलीत यायचं होतं. तिने जवळच्या वस्तीतल्या सुताराला बोलावलं. तो आला, खांब उभे केले, दांडे फिरवून बघितले, उलटे लावले, सुलटे लावले. दीड तासाने त्याने घाम पुसला आणि म्हणाला, "बाई, हे माझ्या बापालाही जमायचं नाही."

"तुझ्या बापाला नसेल जमत," खुर्चीवर पाय हलवत बसलेली पटाशी म्हणाली. "माझ्या बापाला जमलं होतं."

तो सुतार भला माणूस. तिच्याकडे वळून त्याने हात जोडले आणि विचारलं, "कुठे शिकायला मिळेल हे?"

घड्याळात पाऊण वाजला. मालकीणबाई स्वयंपाकघरात गेली. बाहेर आली ती पेचकस घेऊन, आणि उशाच्या फळीवरची पितळी पाटी तिने स्क्रू काढून उतरवली. ती पटाशीसमोर बसली आणि पाटी उलटी करून टेबलावर ठेवली. मागची बाजू कोरी होती.

"चहा नेला की दर वेळी म्हणायचे, घरी तुझ्यापेक्षा लहान पोर आहे माझी," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि त्याचा तिला राग येत होता, हेही दिसत होतं. "सांगा नाव. पण राजा थोडा तरी राहू द्या."

"तो झोपला होता का इथे? खरं सांगा."

"रस्त्याने गेला होता म्हणतात."

"मग रस्त्यावर लावा त्याची पाटी."

मालकीणबाई आधी कडक बसून राहिली आणि मग तिला हसू फुटलं. पटाशी हसली नाही. तिने पिशवीतून पटाशीच काढली, ती कुठेही जाताना बरोबर असतेच, आणि पितळेवर बापाचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव असं पुरतं कोरलं. त्यापुढे कोरलं, 'सुतार'. त्याखाली, 'यांनी हा पलंग केला'. पितळ लाकडासारखं नरम नसतं. अक्षरं वेडीवाकडी आली. ती तिने तशीच ठेवली.

दोनला जोडपं आलं. पलंग उभा होता, चादर ताणलेली होती. मालकीणबाईने किल्ल्या सावरल्या, दम घेतला, आणि पहिल्यांदाच पाठ नसलेलं बोलायला लागली. "हा पलंग एका डावखुऱ्या सुताराने केला. शीळ घालत घालत. बारा तास काम करायचा आणि चहात साखर तीन चमचे. पलंगाखाली आपल्या लेकीची चिमणी कोरलीय त्याने." नवरी लगेच खाली वाकून चिमणी शोधायला लागली.

निघताना पटाशीने पाटीचा फोटो काढला आणि थोरल्या भावाला पाठवला. सोबत एक शब्दही लिहिला नाही. एस.टी. सुटून अर्धा तास झाला तरी उत्तर आलं नाही. मास्तर तिच्याकडे बघत होते, ती खिडकीबाहेर बघत होती.

मग फोन वाजला. भावाने एवढंच लिहिलं होतं, 'माझा भोवरा कुठल्या खांबाला आहे?'

पटाशीने चष्मा पुसला. मग एका बोटाने, एकेक अक्षर दाबत उत्तर लिहिलं.

'स्वतः जाऊन बघ. पलंगाखाली शिरावं लागेल. वाकल्याशिवाय दिसत नाही.'