भट्टीची घंटा

आईच्या नाकावर राग असतो हे बेकरीत सगळ्यांना ठाऊक होतं. भट्टीसमोर बारा वर्षं उभं राहिलं की माणूस एकतर विझतो नाहीतर तापतो, आणि ती तापली होती. पण त्या सोमवारी शाळेतून निघाली तेव्हा तळपायाची आग अशी मस्तकात गेली होती की घर आलं तरी उतरली नाही.

वर्गाच्या बाईंनी तिला बोलावून घेऊन मुलीचे दोन पेपर पुढ्यात ठेवले होते. दोन्ही गणिताचे. दोन्हींचं पहिलं पान बघावं तर स्वच्छ, एक खाडाखोड नाही. दुसऱ्या पानावर एका गणिताच्या अर्ध्यात पेन्सिल थांबलेली आणि पुढे सगळं कोरं. बाई म्हणाल्या की मुलगी हुशार आहे, पण परीक्षेत घाबरते. शुक्रवारी तिसरी आणि शेवटची चाचणी. तीही अशीच गेली तर पोरीला पुढचं वर्ष याच वर्गात काढावं लागेल. वर त्यांनी एक छापील कागद हातात दिला. शांत राहा, खोल श्वास घ्या, घोटभर पाणी प्या, आवडत्या जागेची कल्पना करा.

उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं, असं आईच्या मनात आलं. तोंडाने ती फक्त बरं म्हणाली आणि त्या कागदाच्या इतक्या घड्या घातल्या की तो काडेपेटीएवढा झाला.

मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरत नसे. वय दहा. घरी आल्या आल्या आईने तिला उभं केलं आणि विचारलं, गणितं येत होती की नव्हती? येत होती, भिंगरी म्हणाली.

"मग लिहिली का नाहीस?"

"अर्धा वेळ झाला की शाळेत घंटा होते ना, ती झाली की सगळं जातं."

आईला हे निमित्त वाटलं. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणे घंटा होते. घंटा काय एकट्या तुझ्यासाठी होते? बाकीची चाळीस पोरं बहिरी आहेत? असं बरंच बोलली ती, जेवताना बोलली, ताटं उचलताना बोलली. भिंगरी खाली मान घालून ऐकत राहिली. आई जितकी जास्त बोलायची तितका तिला स्वतःच्याच आवाजाचा राग यायचा, आणि मग ती आणखी बोलायची.

बुधवारी दुपारी शाळा सुटल्यावर भिंगरी नेहमीसारखी बेकरीत आली. पिठाच्या पोत्यांशेजारी एक खोकं उलटं घालून तिने वही मांडली. इथेच ती रांगायला शिकली होती, इथेच अक्षरं गिरवली होती. भट्टी जुनी, मागच्या अंगाला जास्त तापणारी. पाव आत गेले की आई भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देई, आणि वेळ भरली की त्याची पितळी घंटा खणखणे. त्यानंतर दोन मिनिटांत पाव बाहेर आले नाहीत तर कोळसा. म्हणून बेकरीचा एकच कायदा होता: घंटा झाली की हातातलं टाक. कणीक मळणारे काका हातातला गोळा टाकत. आई तोंडाशी नेलेला चहा टाके. आणि भिंगरी, पाच वर्षांची असल्यापासून, असेल ते टाकून धावायची आणि भट्टीचं दार वर उचलणारी साखळी ओढून धरायची. ते काम तिचं. त्या चपळाईचं आईने आल्या-गेल्यापाशी किती कौतुक केलं होतं.

त्या दुपारी ती भराभर गणितं सोडवत होती. ओठ हलत होते, पेन्सिल पळत होती. आई दुरून बघत होती आणि मनात म्हणत होती, येतं की हिला सगळं, मग शाळेत काय धाड भरते?

घंटा झाली. पेन्सिल खोक्यावरून घरंगळली. भिंगरी उठली, साखळी ओढली, पाव बाहेर आले, दार पडलं. ती परत येऊन बसली, पेन्सिल उचलली आणि वहीकडे बघत राहिली. कुणा परक्याची वही असावी तशी. आई हातात गरम ट्रे तसाच धरून उभी राहिली.

"पुढचं लिही की," ती म्हणाली.

"काय चाललं होतं तेच आठवत नाहीये," भिंगरी म्हणाली.

ट्रेचा चटका फडक्यातून हाताला लागला तेव्हा कुठे आईने तो खाली ठेवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईंवर राग काढून झाला होता, पोरीवर काढून झाला होता, आणि आता त्या रागाला घरचा पत्ता सापडला. पोर घाबरत नव्हती. पोर आईचं ऐकत होती, पाच वर्षं शिकवलेलं चोख करत होती, आणि त्याबद्दल आईने तिला दोन दिवस फाडून खाल्लं होतं. आईला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

गुरुवारी दुपारी तिने साठ पाव भट्टीत सारले, घड्याळाला किल्ली दिली आणि भिंगरीसमोर एका पोत्यावर बसली. काकांनाही बसायला सांगितलं. मग म्हणाली की आज घंटा झाली तरी कुणी उठायचं नाही.

घंटा झाली. भिंगरी अर्धी उठली. आईचे पायही उठायला लागले होते. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"बस. लिही."

भिंगरी बसली. पेन्सिल कागदावर टेकली होती, पण हलत नव्हती. आधी खरपूस वास आला, मग करपलेला, मग दाराच्या फटीतून धूर यायला लागला. काका चुळबुळले. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुन्हा टेकले.

"आई, जळतंय," भिंगरी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"जळू दे. तू लिही."

रडत रडत तिने एक आकडा लिहिला. मग दुसरा. अक्षर वेडंवाकडं, कागदावर दोन थेंब पडलेले, पण गणित पुढे सरकलं. तेवढ्यात मालक धुरातून खोकत आत आला आणि बेकरीला वेड लागलंय का म्हणून ओरडायला लागला. आई उठली नाही. एरवी पावाचा रंग नुसता जास्त चढला तरी तीच आकाशपाताळ एक करायची.

"पीठ माझं, पहाटे येऊन पुन्हा भाजून देते," ती म्हणाली. "पण आत्ता आवाज नको. पोर गणित करतेय."

मालकाने भट्टीकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि पुटपुटत खिडक्या उघडायला लागला. भिंगरीने गणित संपवलं. उत्तर बरोबर होतं. साठच्या साठ पाव काळे ठिक्कर पडले होते.

शुक्रवारी आई शाळेबाहेर थांबली. वर्ग तळमजल्यावर होता आणि तिसऱ्या बाकावर, खिडकीला लागून, भिंगरीचं डोकं दिसत होतं. आईच्या कोपरांना पहाटेचं पीठ तसंच होतं. हातात डब्याची पिशवी होती. खोल श्वास घ्या म्हणे. तिला एकही श्वास धड घेता येत नव्हता.

अर्ध्या वेळेची घंटा झाली.

खिडकीतलं डोकं वर आलं. दाराकडे वळलं. क्षणभर तसंच राहिलं, आणि मग खाली वाकलं. खांदा हलायला लागला, लिहिताना हलतो तसा.

आईने खाली बघितलं. पिशवी पायाशी पडली होती, डबा उघडून जेवण मातीत सांडलं होतं, आणि ती फाटकापर्यंत चार पावलं धावून आली होती.