पाचवं पान

सर्कशीच्या बँडमध्ये कागद कधी सुटे ठेवत नसत. तंबूत वारा शिरला की नोटेशनची पानं हत्तीच्या पायाखाली जायची, म्हणून प्रत्येक वादकाची पानं चिकटपट्टीने जोडून त्यांची लांबलचक घडी करायची. हे काम बाबांचं. तीस वर्षं त्यांनी कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, वाजवला आणि तीस वर्षं पानं जोडली. पुढे दात गेले, कॉर्नेट सुटला, पण चिकटपट्टी काही सुटली नाही. लेकीने स्वतःला धरून सतरा पोरापोरींचा जॅझ बिग बँड काढला, तेव्हा पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी हुकूमच सोडला.

"आण ते कागद इकडे. सुटे कागद म्हणजे फजितीला आमंत्रण."

अंगात ताप होता, पण ऐकतील तर ते बाबा कसले! जेवणाच्या टेबलावर पानांचे सात गठ्ठे मांडले आणि पहिल्या गठ्ठ्यातलं एक, दुसऱ्यातलं एक असं करत पंधरा वादकांच्या पंधरा घड्या तयार केल्या. गठ्ठे मात्र सहाच धरले गेले. पाचव्या पानाचा गठ्ठा वर्तमानपत्राखाली सरकला होता.

नेमकं तेच पान! बाबांनी तरुणपणी एक चाल बांधली होती. झोपाळ्यांचा खेळ संपून वाघांचा पिंजरा लागेपर्यंत जी दहा मिनिटं जायची, त्यात ती वाजायची. तेवढ्या वेळात लोक उठायचे, पोरांना मुतायला न्यायचे, शेंगा विकत घ्यायचे. तीस वर्षांत ती चाल कुणी बसून ऐकली नव्हती. लेकीने आपली रचना तिच्याभोवतीच उभी केली, आणि ती चाल होती पाचव्या पानावर. एकदा तरी लोकांनी ती गप्प बसून ऐकावी, एवढ्याचसाठी तर तिने बँड काढला होता म्हणा ना.

कार्यक्रमाला बाबा येऊ शकले नाहीत, ताप चढला. रंगमंचावर चौथं पान संपलं, घडी उलटली आणि पंधरा जणांसमोर एकदम सहावं पान आलं. तालमी सुट्या कागदांवर झालेल्या, त्यामुळे आता जायचं कुठे हे एकालाही कळेना. ती पुढे उभी राहून हातवारे करत होती. तिने घाबरून तळहात वर केला, थांबा! ड्रमवालाही थांबला. फक्त लंबू, त्यांचा बासवाला, जो कधी कागद घेतच नाही, तो डोळे मिटून आपलं दुम् दुम् वाजवत राहिला. तिने मनात चालीची बत्तीस आवर्तनं मोजली, हात खाली आणला आणि सगळे सहाव्या पानावर तुटून पडले.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात परीक्षण आलं. ज्यांच्या एका ओळीने सभागृहं भरतात किंवा ओस पडतात, त्या समीक्षकांनी लिहिलं होतं: 'आजचा प्रत्येक तरुण बँड ओरडतो. या पोरांना गप्प बसता येतं. बत्तीस आवर्तनांची ती पोकळी ही या दशकातली सर्वांत धाडसी रचना आहे.'

मग काय, एकाने गायलं की बाकीच्यांनी री ओढायची! कुणाला त्या पोकळीत पिढीचा एकटेपणा दिसला, कुणाला बेकारी दिसली. एका मासिकाने 'ढोंग' म्हटलं, त्यामुळे बाकीचे आणखी हिरीरीने बाजू घेऊ लागले. मुलाखतीत तिला विचारलं, "ही शांतता कुठून आली?" ती तोंड उघडणार एवढ्यात शेजारी बसलेला मावसभाऊ बोलून मोकळा झाला. तो पहिला ट्रम्पेटवाला, बँडचे कार्यक्रमही तोच ठरवायचा.

"ताई लहानपणापासून अबोलच आहे हो."

आणि तिने मान डोलावली. तेवढी एक मान डोलावली आणि तिथेच ती अडकली.

बाबांना तर तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "तुमची चाल वाजली बाबा. लोक श्वास रोखून ऐकत होते." आजारी माणसाला काय सांगायचं, की तुमच्या हातून पान राहिलं? परीक्षणं तिने उशीखाली दडपली. बाबांनीही कधी मागितली नाहीत, याचं तिला बरंच वाटलं.

मोठ्या सभागृहाने बोलावलं. आधी एक कार्यक्रम, तो जमला तर वर्षभर दर महिन्याला, आणि तालमीला कायमची खोली. अट एकच: ती रचना जशी झाली तशीच हवी. ड्रमवाल्याने त्या भरवशावर बेकरीतली नोकरी सोडली. आणि बाबांनी कोटाला इस्त्री केली.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. चाल वाजवावी तर सोळा जणांच्या तोंडचा घास जातो. न वाजवावी तर बाबा समोर बसून ऐकणार, की आपली चाल नाही, आणि ती आपल्याच हाताने गेली. रात्रंदिवस तिला तेच. बसमध्ये, आंघोळ करताना, तालमीत, त्या बत्तीस आवर्तनांनी तिचा पिच्छा सोडला नाही. कौतुकाचा इतका राग कुणाला येत असेल का? तिला येत होता.

कार्यक्रमाच्या दुपारी तिने पाचव्या पानाच्या पंधरा नव्या प्रती काढून पिशवीत घातल्या. विंगेमागच्या खोलीत त्या बाहेर काढल्या तर मावसभावाने तिचा हातच धरला.

"ताई, वेड लागलंय का तुला? झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"बाबा आलेत रे. तिसऱ्या रांगेत बसलेत."

"काकांना मी समजावतो."

"काय समजावणार तू?"

त्याने तिचा हात सोडला. ड्रमवाला कोपऱ्यात काठ्या पुसत होता. तो हळूच म्हणाला, "मी राजीनामा दिलाय गं." तक्रार नव्हती, नुसतं सांगितलं. तिने प्रती पुन्हा पिशवीत घातल्या आणि चेन ओढली.

बँड चालवणाऱ्याचं एक सुख असतं, प्रेक्षकांकडे पाठ असते. चौथं पान संपलं. तिने तळहात वर केला, ठरवून, झोकात, अगदी परीक्षणात वर्णन केला होता तसा. लंबूचं दुम् दुम् सुरू झालं. सभागृहात कुणी खोकलंही नाही. ज्या शांततेत बाबांची चाल ऐकवायची होती, ती शांतता आली होती. फक्त चाल नव्हती. तिला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. तिने बत्तीस मोजले आणि हात खाली आणला.

बाहेरच्या दालनात त्याच समीक्षकांनी बाबांना गाठलं. ती धावत तिथे पोचेपर्यंत प्रश्न विचारून झाला होता.

"आपणही वादक होतात म्हणे. ती पोकळी ऐकून काय वाटलं?"

बाबांनी कोटाची बटणं चाचपली. लेकीकडे एकदा बघितलं.

"अवघड काम आहे," ते म्हणाले. "भरलेली जागा कुणालाही वाजवता येते. ही हिची पहिल्यापासूनची कल्पना. मी सांगत होतो, काहीतरी घाल तिथे. ऐकलं नाही तिने."

समीक्षकांनी ते लगेच वहीत टिपून घेतलं. आता ते छापून येणार होतं, बापाच्या तोंडून. तिला एकाएकी कळलं, की आपण अडकलोय ती खोली आता बाहेरून बंद झाली आणि कडी बाबांनी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहाचा होकार आला. चहा झाल्यावर बाबांनी टेबल पुसलं, कपाटातून चिकटपट्टी काढली आणि तिच्याबरोबर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गठ्ठा बाहेर काढला. पाचवं पान. पंधराच्या पंधरा.

"ताप उतरल्यावर टेबल आवरताना सापडली," ते म्हणाले. "तोवर तू येऊन सांगून गेली होतीस, चाल वाजली म्हणून."

"बाबा, मी..."

"लोक श्वास रोखून ऐकत होते म्हणालीस. ते काल मी बघितलं. खोटं नव्हतं ते." त्यांनी गठ्ठा वर्तमानपत्रात पुन्हा नीट गुंडाळला. "पण कागद असे ठेवू नकोस. चारनंतर सहा बघून एखादा नवा पोरगा विचारेल, पाच कुठंय? मग तू काय सांगशील?"

तिने बँडच्या घड्या टेबलावर आणून ठेवल्या.

"पेन दे," बाबा म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला, पहिली घडी उलगडली, पांढऱ्या कागदाचा तुकडा सहाच्या आकड्यावर चिकटवला आणि त्यावर, सर्कशीत काढायचे तसा ठसठशीत, पाच काढला. मग सातचा सहा केला. घडी तिच्याकडे सरकवून त्यांनी दुसरी ओढली. शाई ओली होती. ती फुंकर घालत बसली.