स्टेपनीचा पहिला डोंगर

मी एक जुनी स्टेपनी आहे. मित्रांनो, गाडी चार चाकांवर चालते ही लोकांची समजूत आहे. ती चालते पाचव्या चाकाच्या भरवशावर. मागच्या दारावर मी आहे, एवढ्या एका विश्वासावर जीप नाल्यात उतरते आणि डोंगराला भिडते. परवापर्यंत मी असंच मानत होते. प्रत्यक्षात या जीपला माझी गरज कधी पडलीच नव्हती. माझा खरा उपयोग झाला तो शेजारच्या भागाबाईंच्या कोंबडीला. तिला उंचावर झोपायला आवडतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादी पत्रा दाबून आम्हा पाच भावंडांना एकाच दिवशी घडवलं, काळा रंग दिला, टायर चढवले. चौघं जीपखाली गेली. मला तीन नट आवळून मागच्या दारावर टांगलं. तशीच मी रावेरजवळच्या एका गावात, जीवराम आबांच्या दारात आले.

आबा केळीचे बागायतदार आणि वस्तू जपणारे. चाक पंक्चर झालं की ते काढायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॅक्टरवर टाकून रावेरला पाठवायचे आणि बांधावर बसून राहायचे. कोणी माझ्याकडे बोट दाखवलं तर म्हणायचे, "नवी हाये ती. तिले कशाले घासाची?" दसऱ्याला मात्र पहिला हार मला. हवाही न चुकता तपासली जायची. इतका मान मिळूनही काम न मिळणं म्हणजे काय, हे सभा-समारंभातल्या पाहुण्यांना विचारा.

पुढे आबांनी केळीसाठी पिकअप घेतला आणि जीप अंगणात उभी राहिली. गवत वाढलं, कोंबडीचा मुक्काम वाढला. मग एक दिवस धुळ्याहून गिरधर नाना जीप पाहायला आले. बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "गाडी बठ्ठी चांगली शे. मी लई जास." म्हणजे गाडी सगळी चांगली आहे, घेऊन जातो.

आबांचा मुलगा कुंदन ज्वारीच्या पोत्यावर बसला होता, तो उठून उभाच राहिला. तो गाडी शिकला याच जीपवर, आणि गोठ्याची भिंतही पाडली याच जीपने. "आबा, जीप नका देऊ," एवढंच तो म्हणाला.

त्या रविवारी सातपुड्याच्या पायथ्याशी पोरांनी जीप चढाईची शर्यत ठेवली होती. आबांनी टोपी नीट केली आणि निकाल दिला, "टेकडी चढली त ठेव. नाही चढली त तिथंच नानाले चावी देतो."

रविवारी सकाळी फाट्यावरच्या भिकन मिस्तरीच्या गॅरेजात कुंदनने चढाईसाठी जळगावहून आणलेली चार अलॉयची चाकं उतरली. रुंद, काळीभोर, चकाकणारी. टायरची नक्षी मगरीच्या पाठीसारखी. माझी चार भावंडं काढून भिंतीला टेकवली गेली, त्यांचे नट पत्र्याच्या डब्यात पडले. अख्खा फाटा गोळा झाला. नवी चाकं, नवे लांबट नट, पाना फिरायला लागला आणि मला स्वतःचं दुःख आठवेना. असं रूप मी पाहिलंच नव्हतं.

चाकं दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर आली. कुंदनने स्टेअरिंग पूर्ण फिरवलं, तर टायर मडगार्डला घासून गाडी जागच्या जागी अडली.

"वळत नाही रे," भिकन म्हणाला.

"डोंगर सरळच हाये," कुंदन म्हणाला.

या उत्तरावर सगळ्यांचं समाधान झालं.

कुंदनची आई बेबाबाई लिंबं घेऊन आल्या. चार चाकांखाली चार ठेवून झाली, पाचवं त्यांनी माझ्या कडेला दोऱ्याने बांधलं. "हिले कोनी विचारत नाही," म्हणाल्या. जाताना नटांचा डबा बगलेत मारला. पापडाचे दिवस होते. गच्चीवरचं लुगडं वाऱ्याने उडायचं, त्याच्या काठांवर ठेवायला वजन हवंच होतं.

जीप निघाली, पाना घेऊन भिकनही आत बसला. मी मागून सगळा रस्ता उलटा पाहिला. टेकडीखाली ही गर्दी, शिट्ट्या, धूळ, हातगाडीवर भजी. आबा एका दगडावर, शेजारी गिरधर नाना. आमचा नंबर पुकारला आणि त्याच क्षणी मागचं डावं नवं टायर धारदार दगडावर फाटलं. जीप एका कुशीवर कलली.

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मित्रांनो, काय सांगू. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते संकट आलं होतं.

भिकनने मला उतरवलं, बसवलं, नवे नट आवळले. मी डुगडुगत राहिले. ते नट नव्या, जाड अलॉय चाकांसाठी घडवलेले. माझ्या पातळ पत्र्याला ते धरीनात.

"जुने नट?" भिकनने विचारलं.

"पापडावर," कुंदन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. आबांनी खिशातून चावीचा जोड काढला.

तेव्हा भिकनची नजर मागच्या दारावर गेली. मला ज्यांनी टांगून ठेवलं होतं ते तीन नट तिथेच होते, जुन्याच जातीचे. पाच भोकं, तीन नट. त्याने ते आवळले आणि पाना जमिनीवर टाकला. "जाय. पन रस्त्यावर नको नेऊ अशी."

मी पहिल्यांदा जमिनीला टेकले. ती गरम होती. इंजिन गुरगुरलं, तीन मगरी आणि एक मी, डोंगराला भिडलो. मुरूम निसटत होता, दगड उडत होते, मी उंचीने कमी म्हणून जीप लंगडत होती. अर्ध्यावर ती घसरली. मी खडकाची एक धार पकडली आणि सोडली नाही. एक धक्का, दुसरा धक्का, आणि समोर नुसतं आकाश.

खाली टोप्या उडाल्या. सगळ्यात उंच टोपी आबांची होती. चावी त्यांनी परत खिशात टाकली.

गिरधर नानांनी टाळ्या वाजवल्या. मग हात कपाळाला लावून वर पाहत म्हणाले, "चढनी खरी. पन आते उतरी कशी?"

माथ्यावर वळायला जागा बेताची होती, आणि आमची गाडी वळत नव्हती. शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधून तिला उलटी उतरवली, तशीच ओढत घरी आणली आणि आठ-दहा जणांनी उचलून अंगणात सरकवली. पण अट चढण्याची होती. उतरण्याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. जीप राहिली.

मित्रांनो, एक विनंती आहे. घरातल्या ज्या वस्तूला काम नाही, तिची हवा अधूनमधून तपासा. तिला जिने धरून ठेवलंय, ती बारीकसारीक वस्तूही जपा. कोणत्या दिवशी लागेल, सांगता येत नाही.

मी अजून जमिनीवरच आहे, त्याच तीन नटांवर. कुंदन नवी चाकं काढायला तयार नाही आणि पापड वाळेपर्यंत बेबाबाई नट द्यायला तयार नाहीत. कोंबडी आता बॉनेटवर झोपते. आमच्या अंगणातून रस्त्यावर यायला डावीकडे वळावं लागतं.