डाव्या बाजूचे तीन फोटो

मित्रांनो, मला बघून कुणीही म्हणेल, ही एक जुनी, शर्यतीची लाल गाडी आहे. पण मी दिसते तितकी जुनी नाही, आणि शर्यत तर एकही धावलेली नाही. मी नक्कल आहे. एवढं सरळ सांगायला आम्हाला फार उशीर झाला, त्याचीच ही गोष्ट.

मला एका मिस्त्रींनी बनवलं. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, तरुणपणी एका शर्यतीच्या गाडीचे पत्रे ठोकायचे. पुढे ती गाडी विकली गेली आणि कुठे गेली कुणास ठाऊक. म्हातारपणी दादांची नजर अधू झाली. समोरचा माणूस त्यांना आवाजावरून ओळखावा लागे. तरी जेवताना, दाढी करताना विषय तोच. "काय देखणी होती रे!"

ते ऐकून ऐकून मिस्त्रींच्या मनानं घेतलं. दादांच्या कपाटात त्या गाडीचे तीन फोटो होते, तिन्ही डाव्या बाजूनं काढलेले. त्यांवरून दोन वर्षं खपून त्यांनी मला उभं केलं. उजवी बाजू डावीवरूनच बेतली. इंजिन एका साध्या घरगुती गाडीचं. अंग साच्यातून काढलेल्या फायबरचं, कारण पत्रा ठोकून वळवायचं कसब दादांच्या हातात होतं, मिस्त्रींच्या नव्हे. खरीचे दिवे बारीक; माझे बोटभर मोठे, कारण तसे कुठे मिळेचनात. तिची काच बुटकी, माझी उंच. तिच्या बॉनेटच्या कडेच्या फटींतून गरम हवा बाहेर पडे. माझ्या फटी नुसत्या दिसायला, आतून बंद. तरी रंगाचा शेवटचा हात सुकला तेव्हा दहा पावलांवरून मी हुबेहूब दिसत होते.

मग मिस्त्रींनी दादांना हाताला धरून आणलं. सोबत वहिनी होत्या. मिस्त्रींना खरं तर "बघ, मी काय बनवलंय!" असंच म्हणायचं होतं. पण लाल रंग दिसताच दादांचा चेहरा असा काही उजळला की मिस्त्रींची जीभच घसरली.

"दादा, सापडली बघ तुझी गाडी!"

दादा पुढे झाले. डाव्या मडगार्डवरून हात फिरवून त्यांनी मान डोलावली. मग ते उजवीकडे गेले. तिथे त्यांचा हात थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला, काहीतरी शोधत असल्यासारखा.

"सापडली म्हणतोस?"

"हो. तीच."

"बरं झालं बाबा," दादा म्हणाले आणि आत बसले.

त्यानंतर चार वर्षं दर रविवारी सकाळी दोघं भाऊ मला घेऊन फिरायला जायचे. दादा जुन्या शर्यतींबद्दल भरभरून बोलायचे. माझ्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. मिस्त्रींना ते लागायचं. मलाही.

मग दादा गेले. महिन्याभरानं वहिनी वर्कशॉपमध्ये आल्या आणि माझ्या उजव्या मडगार्डवर हात ठेवून म्हणाल्या, "भावजी, यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला.

"खऱ्या गाडीचा हा मडगार्ड अंगठाभर उंच होता. एका अपघातानंतर यांनीच ठोकून काढलेला, पण डाव्याशी कधी जुळलाच नाही. तुम्ही दोन्ही सारखे केलेत."

"मग बोलला का नाही तो?"

"तुमच्याशी नाही बोलले. घरी मात्र तेच चालायचं. 'काय सुरेख काम केलंय गं धाकट्यानं! साचा कसा काढला असेल?' मी म्हणायचे, भावजींनाच विचारा की. तर म्हणत, 'तो तीच आहे म्हणतो. विचारलं तर त्याला खोटं पाडल्यासारखं होईल.'"

मिस्त्रींनी त्या मडगार्डवरून हात फिरवला. साचा कसा काढला हे सांगायला त्यांच्याजवळ दोनशे रविवार होते. ऐकणारा शेजारीच बसलेला होता.

आता जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात कुणी माझ्याजवळ आलं की त्यानं विचारायच्या आधीच मिस्त्री सांगतात, "नक्कल आहे. मी बनवलीय." लोक वाकून माझ्या बंद फटी बघतात, हसतात, वाहवाही करतात. मिस्त्री मान हलवतात आणि दुसरीकडे बघतात.

मित्रांनो, मला पुसा, उन्हापावसात ठेवू नका, असलं काही मी मागणार नाही. एवढंच मागते. कुणासाठी काही आपल्या हातांनी केलंत, तर ते आपण केलंय म्हणून सांगा. त्यात कमी-जास्त असेल तेही सांगा. आणि ते माणूस समोर बसलेलं असतानाच सांगा.